अण्णांच्या केसपेपरवर त्यांचं काम कुणीच लिहिलं नाही : आरोग्यमंत्री आणि कामगारमंत्री यांना खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री आणि मा. कामगारमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांना

सविनय नमस्कार.

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते आणि एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सकाळी सातपासून माझ्यासमोर लघवीच्या बाटल्यांची रांग लागते. नळीत ओतायची, सेंट्रिफ्यूजला लावायची, तळाशी बसलेल्या गाळाचा थेंब काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली पेशी मोजायच्या. 14 वर्षं हेच करतेय. आणि माझ्याच वडिलांच्या लघवीतून आठ महिने रक्त जात होतं, ते मला कळलं नाही.

अण्णांनी ते लपवलं नव्हतं. त्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. 31 वर्षं त्यांनी सूतरंगाईच्या हौदावर काढली. तिथं सगळ्यांचा एक समज होता, अजूनही आहे, की रंगाचं काम केलं की लघवीला रंग येतोच. लाल चालला असेल तर लाल येणार. भरपूर पाणी प्यायचं, दोन दिवस सुट्टी काढायची, जातो. अण्णांचाही मधेमधे जायचा, म्हणून ते निर्धास्त. मूत्राशयाच्या गाठीतून होणारा रक्तस्राव असाच असतो हो. दुखत नाही, जळजळत नाही, आपोआप थांबतो आणि महिन्याभरानं परत येतो. एके दिवशी गुठळी अडकून लघवी बंद झाली, तेव्हा रात्री दोनला रिक्षानं दवाखान्यात नेलं. तेव्हा ते 58 वर्षांचे होते.

पुढे काय झालं ते सविस्तर सांगत नाही. दुर्बिणीतून गाठ खरवडून काढली, सहा आठवडे बीसीजी मूत्राशयात सोडलं (लहान बाळांना टोचतात तेच), गाठ परत आली, स्नायूत शिरली. गेल्या वर्षी फेब्रुवारीत अण्णा गेले.

हे पत्र मात्र त्यांच्या मरणाबद्दल नाही, एका कागदाबद्दल आहे. अण्णा गेल्यावर मी एका सरकारी कार्यालयात अर्ज केला, की हा आजार कामातून झालेला आहे का याची चौकशी व्हावी आणि निदान तशी नोंद व्हावी. मागच्या महिन्यात दोन ओळींचं उत्तर आलं. 'रुग्णाच्या कागदपत्रांत व्यवसायाशी संबंध असल्याचा उल्लेख आढळत नाही. तंबाखूसेवनाचा इतिहास आहे.' अर्ज निकाली.

मी ट्रंकेतली फाइल काढली. दोन दवाखाने, अडीच वर्षं, शंभराच्या वर कागद. एकेक पान उलटून पाहिलं. वय, पत्ता, रक्तगट, साखर, तंबाखू : होय. तंबाखूची नोंद 11 ठिकाणी आहे. 'काय काम करता' याचं उत्तर एकाही कागदावर नाही. एका फॉर्मवर व्यवसायाचा रकाना होता, त्यात 'मजूर' लिहिलंय. कसला मजूर, ते कुणी विचारलं नाही.

1700 साली इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझिनी नावाच्या वैद्यानं लिहून ठेवलं होतं, की गरीब माणसाला तपासताना वैद्याच्या नेहमीच्या प्रश्नांत आणखी एक घाला, तुझा धंदा काय? सव्वातीनशे वर्षं झाली. आमच्या केसपेपरवर तो प्रश्न अजून आलेला नाही.

आता अण्णांचं काम काय होतं ते मीच सांगते. सुताच्या लडी दांडीवर टाकून आधी नॅप्थॉल नावाच्या रसायनाच्या हौदात भिजवायच्या. दुसऱ्या टबात बेस तयार करायचा. पत्र्याच्या डब्यातली भुकटी वाटीनं काढून तराजूत तोलायची, ॲसिडमध्ये कालवायची, नायट्राइट टाकायचं आणि तापू नये म्हणून बर्फाचे तुकडे सोडायचे. मग त्यात लडी बुडवली की फिकट सूत डोळ्यांदेखत लालभडक होतं. लहानपणी डबा द्यायला गेले की मी ते बघत उभी राहायचे. अण्णा उघड्या हातांनी लड्या फिरवत. हातमोजे वर्षातून एकदा मिळायचे, महिन्यात फाटायचे, आणि ओल्या मोज्यात सूत निसटतं म्हणून कुणी घालतही नसे. भुकटी तोलताना नाकाला रुमाल. त्या रुमालावरून आईला कळायचं आज कुठला रंग चालला होता. उशीचा अभ्रा तर कधीच पांढरा राहिला नाही. रात्रीच्या घामातूनसुद्धा रंग उतरायचा.

कामगार ज्याला 'बेस' म्हणतात, त्यालाच रसायनशास्त्रात ॲरोमॅटिक अमाइन म्हणतात. सगळे बेस सारखे घातक नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. पण फास्ट रेड टीआर नावानं विकला जाणारा बेस म्हणजे 4-क्लोरो-ऑर्थो-टोल्युइडिन. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं त्याला 2ए गटात, म्हणजे माणसाला कॅन्सर होण्याची दाट शक्यता असलेल्या पदार्थांत टाकलंय. बेंझिडीन, 2-नॅफ्थिलअमाइन आणि ऑर्थो-टोल्युइडिन तर पहिल्या गटात आहेत, जिथं शंकेला जागा नाही. शरीरात मोडून बेंझिडीन बनवणारे रंगही त्याच गटात. हे पदार्थ श्वासातून आणि कातडीतून आत जातात, यकृतात त्यांचं रूप बदलतं आणि लघवीवाटे बाहेर पडतात. पण बाहेर पडण्याआधी लघवी तासन्‌तास मूत्राशयात साठून असते. हौदावरच्या माणसाला तर संडासाला जायचीही सवड नसते, कारण रंग 'उतरायला' लागला की लडी सोडून हलता येत नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. सुट्टी झाली की हातावरचा रंग काढायला कामगार हायड्रोची, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइटच्या भुकटीची, चिमूट घेऊन हात चोळतात. साबणानं न जाणारा रंग हायड्रोनं झटक्यात जातो. परदेशी पाठवायच्या कापडात बंदी असलेली अमाइन्स आहेत का, हे तपासताना प्रयोगशाळेत कापडावर हेच हायड्रो वापरतात, कारण ते ॲझो रंग, म्हणजे अशा अमाइनपासूनच बनणारे रंग, तोडून आतलं अमाइन मोकळं करतं. प्रयोगशाळेत ते तापवलेल्या भांड्यात करतात, आमच्याकडे कामगारांच्या तळहातावर. 31 वर्षांत एकाही मालकानं, रंगाई मास्तरनं किंवा तपासणीला आलेल्या साहेबानं अण्णांना सांगितलं नाही की याने हात धुऊ नका.

हे ज्ञान नवं असतं तर मी गप्प बसले असते. 1895 साली जर्मनीत फ्रँकफुर्टच्या लुडविग रेन नावाच्या सर्जननं फुक्सीन, म्हणजे मॅजेंटा रंग बनवणाऱ्या कामगारांच्या मूत्राशयातल्या गाठी नोंदवल्या. माणसाच्या हृदयाला पहिल्यांदा यशस्वी टाका घालणारे तेच हे डॉक्टर. म्हणजे त्यांच्या शब्दाला वजन नव्हतं असं नाही. 1921 साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं ॲनिलिन कारखान्यांतल्या मूत्राशयाच्या कॅन्सरवर अहवाल काढला. 1953 साली ब्रिटननं हा आजार भरपाईला पात्र असा औद्योगिक आजार ठरवला. अण्णांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

आपल्याकडेही कायदा नाही असं नाही. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 89 मध्ये स्पष्ट लिहिलं होतं, की तिसऱ्या अनुसूचीतला आजार झालेला कारखान्याचा कामगार डॉक्टरांकडे आला, तर डॉक्टरांनी मुख्य कारखाना निरीक्षकाला लेखी कळवायचं. त्या अनुसूचीत 29 आजार होते आणि व्यावसायिक कॅन्सर त्यातलाच एक. भोपाळनंतर 1987 साली कायदा आणखी कडक झाला. धोकादायक प्रक्रियेत काम करणाऱ्याची नोकरीआधी आणि दरवर्षी वैद्यकीय तपासणी, तिची नोंद पाहण्याचा कामगाराला हक्क, असं सगळं त्यात आलं. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा नव्या संहितेनं घेतली. तिच्यातही कळवायच्या आजारांची यादी आहे, मोफत वार्षिक तपासणीची तरतूद आहे.

पण डॉक्टर कळवणार कसे? कामच विचारलं नाही तर आजार 'व्यावसायिक' आहे हे ठरणार कुठून? आणि कळवलं गेलं नाही, की सरकारी अहवालात आकडा शून्य. शून्य आकडा म्हणजे प्रश्नच नाही, मग तपासणी कशाला? माझा राग आहे तो या साखळीवर. डॉक्टरांवर नाही. त्यांच्या ओपीडीत एका सकाळी शंभर माणसं असतात, हे मी रोज बघते.

तंबाखूबद्दल बोलायलाच हवं, कारण अर्ज त्याच दगडावर आपटून फुटला. अण्णा तंबाखू खायचे. मळून, चुना लावून, गालात धरायचे. विडी-सिगारेट त्यांनी आयुष्यात ओढली नाही. आमच्या घरात विड्या वळल्या जायच्या, आईनं 20 वर्षं वळल्या, पण ओढत कुणी नव्हतं. मूत्राशयाच्या कॅन्सरचं सगळ्यात मोठं कारण तंबाखू ओढणं हे आहे, आणि ते याचसाठी की धुरात 2-नॅफ्थिलअमाइन आणि 4-अमिनोबायफिनाइल असतं, म्हणजे रंगाच्या धंद्यात बदनाम झालेलीच रसायनं. खाण्याच्या तंबाखूचा संबंध सिद्ध झालाय तो तोंडाच्या, अन्ननलिकेच्या आणि स्वादुपिंडाच्या कॅन्सरशी. मूत्राशयाशी तसा सिद्ध झालेला नाही. हा फरक करायला केसपेपरवर जागाच नव्हती. 'तंबाखू : होय' एवढं लिहिलं आणि 31 वर्षांचा हौद पुसला गेला. एखादा रंगारी विडी ओढत असला तरी काय? त्याच्या मूत्राशयावर दोन्हीकडून मारा होतो, एवढाच त्याचा अर्थ. हौदाची जबाबदारी त्यानं संपत नाही.

मला हेही मान्य आहे, की अण्णांना कुठल्या डब्यातल्या कुठल्या भुकटीनं हे दिलं ते मी सिद्ध करू शकत नाही. डब्यांवर कंपनीचं नाव, आकडे आणि इंग्रजी अक्षरं असायची. अण्णा सातवी शिकलेले, मराठी आणि तेलुगू वाचणारे. रंग ओळखायचा तो झाकणावर मास्तरनं खडूनं ओढलेल्या रेघेवरून. पुरावा ठेवायचा तो मालकानं आणि सरकारनं. तो ठेवला नाही, आणि आता पुरावा नाही म्हणून अर्ज निकाली काढता, हे मला मान्य नाही.

एका गोष्टीचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. 1994 साली जर्मनीनं अंगाला लागणाऱ्या कापडात घातक अमाइन सोडणारे ॲझो रंग वापरायला बंदी केली. निर्यातीवर गदा येणार म्हणून आपल्याकडे धावपळ झाली. बेंझिडीनवर आधारलेल्या 42 रंगांवर 1993 पासून बंदी होतीच, 1997 साली आणखी 70 रंगांची भर पडून आकडा 112 झाला. चांगलंच झालं. पण सोलापूरचा टॉवेल तिकडच्या माणसाच्या अंगाला कितीसा लागतो? आंघोळीनंतर दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांसाठी कापडाची तपासणी होते, प्रमाणपत्र मिळतं, त्याचे पैसे मोजले जातात. जो माणूस दिवसाचे दहा तास कोपरापर्यंत त्या रंगात असतो, त्याच्या लघवीची तपासणी माझ्या लॅबमध्ये फार तर शंभर-दीडशे रुपयांत होते. ती कुणी केली नाही.

बरं, हा प्रश्न सोलापूरपुरता नाही. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीतही कापड आणि सूत रंगतं. डोंबिवली-तारापूरच्या पट्ट्यात तर खुद्द रंग आणि त्यांची कच्ची रसायनं बनतात. आणि फक्त रंगही नाही. पेट्रोल पंपावर नळी धरणाऱ्या पोरांना बेंझीन, चप्पल-बुटांच्या कारखान्यातल्या सोल्युशनचा वास, भिंती आणि गाड्या रंगवणारे पेंटर, हे सगळे त्याच रांगेत उभे आहेत. पेंटरचं काम तर त्या कॅन्सर संशोधन संस्थेनं अख्खं पहिल्या गटात टाकलंय. मी हौदाबद्दल बोलते कारण मी हौदाच्या घरात वाढले.

आरोग्यमंत्री महोदय, आजार आपल्या खात्यात येतो. कामगारमंत्री महोदय, काम आपल्या खात्यात येतं. माणूस एकच असतो, त्याचे कागद मात्र दोन इमारतींत जातात आणि एकमेकांना कधी भेटत नाहीत. म्हणून हे पत्र दोघांना मिळून लिहिलंय. माझ्या मागण्या अशा.

राज्यातल्या प्रत्येक सरकारी आणि खासगी रुग्णालयात कॅन्सरच्या रुग्णाच्या केसपेपरवर कामाचा रकाना सक्तीचा करा. 'मजूर', 'नोकरी', 'गृहिणी' असं लिहून भागणार नाही. कुठलं काम, किती वर्षं, कशाशी संबंध आला, आणि आत्ताचंच नव्हे तर आधीचंही. रंगाच्या संपर्कानंतर हा कॅन्सर 20-30 वर्षांनीही येतो, तोपर्यंत माणूस वॉचमन झालेला असतो. यासाठी पैसे लागत नाहीत. छापखान्याला चार ओळी वाढवायला सांगायच्या आहेत. आपल्याच जिल्ह्यात बार्शीला 1987 साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली, गावोगाव फिरून माणसांनी ती उभी केली. तेव्हा ते जमलं, तर आता चार ओळी का जमू नयेत?

रंगाई घरात काम करणाऱ्या प्रत्येकाची दर सहा महिन्यांनी लघवीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी आणि वर्षातून एकदा पेशींची तपासणी मोफत करा. वार्षिक तपासणीच्या नावाखाली वजन, बीपी आणि छातीचा फोटो काढून सही घेतात, तशी नको. मूत्राशयाची गाठ फोटोत दिसत नाही. काम सोडलेल्यांनाही यात धरा, नाहीतर उपयोग नाही.

कारखान्यात माणसं किती, हे बघू नका. गल्लीतल्या सात-आठ जणांच्या रंगाई घरात निरीक्षक कधी येत नाही आणि हजेरीपुस्तकात चारच नावं असतात. रसायन माणसं मोजून आत शिरत नाही. रंग बनवणाऱ्या कारखान्याला धोकादायक प्रक्रिया म्हणून जे नियम लागतात, ते रंग कालवणाऱ्या हौदालाही प्रत्यक्ष लागू झालेले दिसू द्या.

डब्यावर मराठीत, आणि जिथे कामगार तेलुगू, कन्नड, हिंदी वाचतात तिथे त्या भाषेत, रसायनाचं नाव आणि धोका लिहिलेला पाहिजे. हौदाशेजारी फलक पाहिजे : 'हायड्रोने हात धुऊ नका. लघवीतून रक्त आले तर तो रंग नव्हे. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.' माझ्या सगळ्या मागण्या फेटाळल्या तरी एवढा फलक लावाच. तो असता तर अण्णांचे आठ महिने वाचले असते, आणि गाठ वरच्या थरात असताना सापडली तर बहुतेक माणसं वाचतात.

आणि शेवटची मागणी. ज्याच्या कामाचा इतिहास आहे आणि आजार त्या कामाशी जुळतो, त्याच्या बाबतीत संबंध नाही हे दाखवण्याची जबाबदारी मालकावर टाका. विधवेनं कोर्टकचेऱ्या करत रसायनशास्त्र सिद्ध करायचं, हे बंद करा. मला स्वतःला भरपाई नको. आईला विचारलं तर तिलाही नको. तिचं म्हणणं एवढंच आहे, की कागदावर निदान खरं लिहा.

मागच्या रविवारी मी अण्णांच्या हौदावरच्या जुन्या सोबत्यांना घरी बोलावलं. प्रत्येकाला बाटली दिली. सहा जण आले. पाच जणांचं काही निघालं नाही. एका काकांच्या गाळात मायक्रोस्कोपच्या एका फील्डला 20-25 आरबीसी, म्हणजे लाल रक्तपेशी होत्या. मी दोनदा नव्यानं काच लावून बघितली. ते म्हणाले, "अगं पोरी, परवा मरून रंग चालू होता ना, त्याचं असेल."

त्यांना येत्या गुरुवारी दुर्बिणीच्या तपासणीची वेळ मिळाली आहे. मी रजा टाकून सोबत जाणार आहे. एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय : सूतरंगाई, नॅप्थॉल-बेसचा हौद, 26 वर्षं. रकाना नसला तरी तो कागद केसपेपरला टाचणीनं लावून देईन.

आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली,
एका रंगाई कामगाराची मुलगी
सोलापूर